खांबाला टेकलेला होकार

लाटंबार्सेच्या देवळात मी गावाच्या जमिनीचा आराखडा समजावून सांगत होतो. खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा मला फारच आवडला. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

"शेतजमीन शेतीलाच राहावी," मी म्हणालो.

"व्हय म्हाराजा!" म्हातारा गरजला.

"झऱ्यावरचा डोंगर कुणी कापू नये."

"व्हय म्हाराजा!" आता त्याच्यामागून अख्खा मंडप.

माझी छाती फुगली. असा पाठिंबा आमच्या नगररचना खात्यात कुणाला मिळाला होता? घरं कुठे, काजू कुठे, गुरांची चराई कुठे, सगळं मी चक्क हेल काढून सांगू लागलो. देवापुढे गाऱ्हाणं घालताना प्रत्येक मागण्याला लोक असाच होकार देतात, हे पेडण्यात अशी गाऱ्हाणी ऐकतच वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला आठवलंसुद्धा नाही.

शेवटी त्यालाच विचारलं, "मग आजोबा, आता गावाने काय करायचं?"

"आमी कित्याक? तुमी बरां गाऱ्हाणां घातलास. आता फुडचां देव बघतलो," म्हणत त्याने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

परतताना झऱ्यावरच्या त्याच डोंगराला खोदाईचं मशीन लागलेलं दिसलं. मी स्कूटर थांबवली, बराच वेळ विचार केला आणि हात जोडले.