बसऱ्याचा पेशंट औंढ्यात भेटला

परवा लोणावळ्याजवळच्या औंढ्याला जाऊन आले. एका जुन्या पेशंटला बघायला गेले होते... आणि अजून डोकं शांत झालेलं नाही.

आधी घरातला वैताग सांगते. लढाई संपली, मी इराकातल्या बसऱ्याहून लोणावळ्याला परत आले, तेव्हापासून आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमची सुशी पुण्याला होती, दवाखान्यात." बसऱ्याचं नाव काढायचं नाही. का, तर परमुलखात सोल्जरांची सेवा केलेली मुलगी कोण करून घेणार? एक स्थळ तेवढ्यावरून फिरलंही.

वडील रेल्वेत, इंजिनांच्या शेडमध्ये. मला जाऊ दिलं ते त्यांनीच... पण आत्यापुढे तेही पेपरात तोंड घालून बसतात.

खरं तर मी काही शूर वगैरे नाही. पुण्यात नर्सिंग शिकून नुकती कामाला लागले होते. मेट्रनबाईंनी विचारलं, परदेशी ड्यूटीवर स्वखुशीनं कोण जाईल? सगळ्या खाली बघायला लागल्या आणि माझा हात वर गेला. बसरा म्हणजे मुंबईच्या जरा पुढं, असं वाटलं होतं मला! बोटीवरून किनारा दिसेना तेव्हा कळलं, केवढं लांब ते!

तिथं फौजी इस्पितळात, माझ्याच वॉर्डात, धोंडिबा आला. ट्रक उलटून पाय चिरडलेला. मी मराठीत बोलले तर केवढा खूश झाला... आणि मी लोणावळ्याची हे कळल्याबरोबर तोंड भिंतीकडे!

कारण तो शेजारच्या औंढ्याचा. म्हणजे मी त्याच्या मुलखाची लेक. माझ्याकडून अंग पुसून घ्यायचं नाही, भांडं घ्यायचं नाही, ड्रेसिंगचं तर नावच नको.

मी म्हटलं, "इथं मी कुणाची लेक नाही. सिस्टर आहे."

"सिस्टर म्हंजी बहीनच की! मंग तर न्हाईच न्हाई."

एकदा तर ड्रेसिंग झालंय म्हणून त्यानं मला सरळ खोटं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताप, जखमेला वास... शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, पाय तसाही वाचला नसता. असेल. पण माझा राग गेला नाही.

त्यानंतर मी त्याला विचारणंच सोडून दिलं. तो भिंतीकडे बघायचा, मी माझं काम करायचे. पुसणं, भरवणं, चादरी बदलणं, सगळं. बरा होऊन मायदेशी निघाला तेव्हा साधा रामरामसुद्धा घातला नाही पठ्ठ्यानं.

आणि गेल्या आठवड्यात त्याची आई विचारत विचारत आमच्या दारात! "बाय, त्यो उठतच न्हाई. पुन्याला लाकडाचा पाय दिलाय, त्यो बी घालत न्हाई. तुमीच बगा आता." हे सगळं आत्यासमोर. म्हातारी गेल्यावर आत्यानं बजावलं, "अजिबात जायचं नाही. गावभर होईल."

मी गेले. त्याला चार शब्द सुनवायचे होते, खोटं कशाला बोलू...

ओसरीवर बसला होता. लाकडी पाय आत खुंटीला, ढोलकीसारखा टांगलेला. वीतभर पट्टा बांधायचा, तर हा गडी दिवसभर एका जागी! बायको एकटी भाताच्या खाचरात राबतेय. मला बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. इथंही भिंत सापडली त्याला!

मी सुरू झाले. पायाला घट्टे पडू दे, पण उभा राहा, नाहीतर दुसराही पाय वाळून जाईल... आवाज चढला तशी शेजारपाजारची माणसं जमली. त्यात त्याचे चुलते होते, आबा. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"हीच व्हय ती? परमुलखात गड्यांची अंगं पुसाय गेलती?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्या म्हणत होती तेच झालं... पर्स उचलली आणि निघाले.

"व्हय आबा, हीच ती."

धोंडिबा बोलत होता. मान खाली, पण आवाज खणखणीत.

"माजं बी अंग पुसलंय हिनं. घान काडली. ल्हान पोरागत भरावलं. मी तोंड फिरवून पडायचो, तरी रोज यायची. तुमच्यातलं कोन हुतं तितं? हसायचं आसंल तर मला हसा."

कुणी हसलं नाही. आबा खाकरले, पागोटं सारखं केलं आणि गुरांना पाणी दाखवायचं निमित्त काढून निघून गेले.

मग धोंडिबानं आईला पाय आणायला सांगितला आणि आपणहून मांडी माझ्यापुढे केली. मी पट्टे बांधले. अंगणात त्याला चालवलं तर दोनदा धडपडला. "सावकाश की वं सिस्टर!" म्हणून माझ्यावरच खेकसला. मीही खेकसले.

त्याच्या आईनं निघताना कुंकू लावलं आणि आंबेमोहोर पदरात घातला. वाटेनं येताना एकच डोक्यात घोळत होतं. बसऱ्याची लाज मीच एकटी सोसतेय असं वाटायचं मला. तो बिचारा तीच लाज घेऊन भिंतीकडे बघत बसला होता. परवा त्यानं ती चार माणसांत झटकून टाकली, आणि माझीही बरीचशी त्याबरोबर गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा जायचंय. चालण्याचा सराव केला नसेल तर माझ्याशी गाठ आहे!

हट्टी, तोंडाळ, वैताग माणूस आहे नुसता... देव त्याला उदंड आयुष्य देवो.