टाकीसाठी केलेलं यंत्र

सुरतेजवळ उधन्यात आमच्या समोर राहणारे काका कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये डाइंग मास्टर होते. कापडाची छटा नमुन्याशी जुळली की नाही, हे त्यांची नजर ठरवायची. दर वाक्यामागे ते "बराबर ने?" म्हणत आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत.

घरात त्यांनी खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवले होते. पाण्याची क्षारता घसरली तर प्रवाळ मरतात. म्हणून ते रोज कपभर पाण्यात रंगाचं औषध घालून थेंब थेंब आम्ल टाकत. निळं पाणी पिवळं झालं की थांबायचं; किती थेंब लागले त्यावरून क्षारता कळायची.

एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. "अजून निळंच आहे, बराबर ने?" या वेळी ते उत्तरासाठी थांबले. पाणी केव्हाच पिवळं झालं होतं. मी तसं सांगितलं.

मग महिनाभर ते छोटे पंप, नळ्या आणि आम्लता ओळखणारी कांडी जोडत बसले. अखेर यंत्र स्वतःच पाणी ओढून, आम्ल टाकून आकडा दाखवू लागलं.

"सुटलात काका," मी म्हणालो.

"टाकी सुटली. मिलमध्ये अख्खा लॉट माझ्या नजरेवर रंगतो."

कुणाचीही तक्रार नसताना दुसऱ्या दिवशी त्यांनी मिलच्या शेठला सगळं सांगितलं आणि कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात बदली मागून घेतली. घरी येऊन त्यांनी ते काकूंना सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, त्यांच्या चपला पुढे सरकवल्या आणि म्हणाल्या, "आता तरी डोळे दाखवायला चला."

काकांनी उठून चपला घातल्या.