सोमाची मधली जागा

गिटारवाल्यांशी मैत्री केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आणि एकदा सांगायला घेतले की थांबतही नाहीत. तेही गिटारवाल्यांसारखंच!

मी बास वाजवते. म्हणजे दिवसा चंद्रपुरात मेडिकल स्टोअर चालवते आणि सीझनमध्ये शनिवारी मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर आमच्या चौकडीत बास वाजवते. विलासभाऊ आणि सोमा गिटारवर. विलासभाऊ माजरीच्या खाणीत मेकॅनिक, सोमा धानोऱ्याच्या पुढच्या एका गावातला, आश्रमशाळेत मास्तर. ड्रमवर पिंटू, तो सफारीची जिप्सी चालवतो. वाघ बघायला आलेल्या लोकांना जॅझ ऐकवायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. वाघ दिसला नाही तर निदान काहीतरी न समजणारं ऐकायला मिळावं, असा मॅनेजरचा विचार असावा.

कुणी विचारतं, "ताई, गिटारवाल्यांनी बांधलेल्या तुमच्या आवडत्या जॅझ रचना कोणत्या?" मग समोरचा परदेशी नावांची वाट बघत बसतो. आमच्यात मात्र नियम आहे, आपल्या गिटारवाल्यांनी बांधलेलीच चाल सांगायची. अडचण एवढीच, की त्यातली एकही चाल सरळ नाही.

*

विलासभाऊंची पहिली रचना 'भोंगा'. खाणीत सुरुंग लावायच्या आधी भोंगा वाजतो ना, त्याच सुरावर बांधलेली. शेवटी तोच सूर लांबच लांब ओढायचा.

एका रविवारी दुपारी भाऊ क्वार्टरमध्ये ॲम्प्लिफायर लावून रियाज करत होते. तो शेवटचा सूर निघाला आणि क्वार्टरांची आख्खी लाइन घराबाहेर! बायका चुलीवरचं उतरवून आलेल्या, म्हातारे खुर्च्यांसकट. सवयच तशी. भोंगा झाला की हादऱ्याची वाट बघायची.

भाऊ हसत बाहेर आले, "अरे, मी वाजवून राह्यलो. काई नाई."

तेवढ्यात हादरा बसला. खिडक्यांच्या काचा वाजल्या, पत्र्यावरची धूळ खाली आली. भाऊंनी लगेच फोन करून चौकशी केली. त्या दिवशी सुरुंगाचं काम नव्हतंच.

शेजारचे काका खुर्ची उचलत म्हणाले, "विलास, गानं चांगलं हाये. पन टाइम सांगत जाय!"

*

सोमाची 'सांबर' ही माझी अत्यंत लाडकी. जंगलात वाघ हलला की सांबर एकच आवाज काढतं, 'ढांक'. त्या आवाजाभोवती सोमानं इतकी हळवी चाल गुंफली होती की मॅनेजरसुद्धा मोबाइल खाली ठेवायचा.

एकदा दिवेलागणीला रिसॉर्टच्या लॉनवर सोमानं ती सुरू केली. 'ढांक'ची जागा आली, त्यानं तार छेडली, आणि कुंपणापलीकडून खरं सांबर बोललं. मग वानरं खेकसायला लागली. पाहुणे खूश! टाळ्यांचा कडकडाट.

पिंटूनं ड्रमचे ब्रश खाली ठेवले. त्याचा चेहरा उतरला होता. "टाळ्या नोका वाजवू," तो म्हणाला. "तो उठून राह्यला."

पाहुण्यांना घाईघाईनं आत नेलं. सकाळी कुंपणाच्या कडेकडेनं वाघाचे पंजे उमटलेले दिसले. मी सोमाला झापलं, "कशाला बोलावलं रे त्याला?"

सोमा शांतपणे म्हणाला, "मी नाई बोलावलं, ताई. सांबर आधी बोललं, मंग मी वाजोलं."

आम्ही तिघांनीही गिटार आधी ऐकली होती.

*

सोमाच्या घरी मोहाची नवी फुलं आली की देवाला दिल्याशिवाय कुणी तोंडात टाकत नाही. सोमानं तोच कायदा चालींना लावला होता. नवी चाल आधी जंगलाकडे तोंड करून एकदा वाजवायची, जवळ कुणी माणूस नको. मगच लोकांपुढे.

विलासभाऊंना हे थोतांड वाटायचं. "आता काय झाडं टाळ्या वाजवतीन का?" असं म्हणून त्यांनी एक कोरी चाल थेट रिसॉर्टच्या कार्यक्रमात वाजवली. काय चाल होती! मी आणि पिंटू पहिल्याच फेरीत तिच्या मागे असे धावलो, जणू लहानपणापासून येत होती. शेवटचा सूर संपला आणि लाइट गेली.

भाऊ अंधारात ओरडले, "पाह्यलं सोम्या? लाइट तं रोज जाते!"

"लाइट जाऊ द्या, भाऊ," सोमा म्हणाला. "चाल कुठी हाये ते पाहा."

लाइट आली. भाऊंनी गिटार उचलली आणि नुसतेच बसून राहिले. पहिला सूर कोणता, तेच आठवेना. मला आठवेना, पिंटूला आठवेना. समोर बसलेल्या एकाही पाहुण्याला दोन सूर गुणगुणता येईनात. आजतागायत ती कुणालाच आठवलेली नाही. माझ्या आवडत्या रचनांत तिचा नंबर पहिला आहे, आणि ती कशी होती ते मला माहीत नाही!

*

आता सोमाच्या शेवटच्या चालीबद्दल सांगायलाच हवं. तिचं नाव 'मोहाची वाट'. मुखडा, पुन्हा मुखडा, मग वेगळ्या वळणाचा मधला भाग आणि शेवटी परत मुखडा, असा तिचा साधा आराखडा. मुखडा सोमानं आम्हाला शिकवला. मधला भाग विचारला तर म्हणाला, "मोह येचून आलो का सांगतो."

मोहाच्या दिवसांत तो सुट्टी काढून गावी जायचा, आईबरोबर फुलं वेचायला. त्या वर्षी एका पहाटे तो तिच्या पुढे निघाला. आई पोचली तर झाडाखाली टोपली, अर्धी भरलेली. सोमा नाही.

गावानं जंगल पिंजून काढलं. वाघ म्हणावं तर पंजा नाही, रक्त नाही, फाटका कपडा नाही. आम्हीही गेलो. पिंटूला माग काढता येतो, तोही झाडाभोवती फिरून फिरून परत आला. सोमाच्या चपला टोपलीशेजारी नीट जोडून ठेवलेल्या होत्या. पिंटू म्हणाला, "इथी तो उभा होता. पुढं पाय नाई."

त्या गावात माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात. सोमाच्या आईनं नाही म्हणून सांगितलं. आणि तिकडे माजरीत विलासभाऊंनीही सांगितलं, "तो येईल. मधलं तोच सांगंल."

*

तेव्हापासून आम्ही 'मोहाची वाट' वाजवतो ती मधली जागा रिकामी सोडून. तिथं तिघंही हात उचलतो, मनातल्या मनात मोजतो आणि मुखड्यावर परत एकत्र येतो. गिटारवाल्याला दोन श्वासांची शांतता सहन होत नाही, आणि विलासभाऊ तिथं डोळे मिटून बसतात!

मॅनेजर वैतागला. "लोकांना वाटतं तुम्ही विसरले. भरा ना काहीतरी!"

एकदा पुण्याचे एक पाहुणे आले. स्वतःची गिटार घेऊन सफारीला येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. "मी बसू का तुमच्यात?" म्हणाले. वाजवत झकास होते. 'मोहाची वाट' निघाली, रिकामी जागा आली, आणि आम्ही हात उचलल्याबरोबर यांनी सोलो सुरू केला. चांगला सोलो, खोटं कशाला बोलू? पण जेमतेम एक ओळ झाली आणि ते थांबले. गिटार मांडीवर आडवी ठेवली, बाजूला आम्ही सोमासाठी मांडतो त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माफ करा. यांचं चाललंय हे माझ्या लक्षात नाही आलं."

पुण्याचा माणूस आपणहून माफी मागतो, एवढंच आमच्यासाठी पुरेसं अद्भुत होतं! त्या रात्री पाहुण्यांनी गिटार पेटीत घातली ती सकाळी जिप्सीत बसेपर्यंत उघडली नाही.

*

यंदा मोह पडायला लागला आणि गावातल्या जाणत्यांनी सोमाच्या आईला बजावलं, आता दगड उभा झालाच पाहिजे. माणूस असा अधांतरी ठेवू नये, त्यालाही त्रास आणि गावालाही.

मला त्यांचं पटलं. मी विलासभाऊंना म्हटलं, "भाऊ, ती मधली जागा तुम्ही बांधा आता. दुसरा कोण बांधणार?"

भाऊ एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "मी बांधली म्हणजे तो मेला, ताई! तुले समजते का काय बोलून राह्यली ते?" आणि त्यांनी गिटार बंद केली. शनिवारी आले नाहीत, पुढच्या शनिवारीही नाहीत. सोमा गेला तसे भाऊही जातात की काय, असं मला वाटायला लागलं.

मग सोमाच्या आईचाच निरोप आला. 'मायं पोरगं वाजवत होतं ते मी कधी आयकलं नाई. आयकवून जा.' तिला नाही म्हणायची भाऊंची छाती झाली नाही.

भर दुपारी आम्ही तिच्या अंगणात बसलो. बॅटरीवरचा छोटा ॲम्प्लिफायर, पिंटूचा एकच ड्रम. ती समोर जमिनीवर सूप घेऊन मोह निवडत होती. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुखडा झाला, पुन्हा झाला, आणि आम्ही हात उचलले.

तिचा हात सुपात थांबला.

मोजणं हे माझं कामच आहे. मोजून झालं. आता मुखडा घ्यायचा. पण माझा हात तारेवर येईना. दुखत नव्हता, अडकलाही नव्हता. नुसतं वाटत होतं की अजून नाही. दुसऱ्याची ओळ पुरी व्हायची असते तेव्हा आपण मध्ये घुसत नाही, तसं. पिंटूकडे पाहिलं, त्याचा ब्रश वरच. भाऊंचे डोळे मिटलेले. अंगणात कोंबड्या होत्या, त्याही गप्प. किती वेळ गेला कोण जाणे. मग कुणीही खूण न करता आम्ही तिघं एकाच वेळी मुखड्यावर आलो, केसभरही मागेपुढे नाही.

चाल संपली. पिंटू कुजबुजला, "ताई, इतके काऊन थांबलो आपण?"

"तू काऊन थांबला?"

भाऊंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

सोमाच्या आईनं सुपातला मोह टोपलीत ओतला, पदर सारखा केला आणि ती उठली.

"झालं नं त्याचं वाजवून?" तिनं विचारलं.

भाऊंनी मान हलवली. "हाव, बाई. झालं."

"मंग चला," ती म्हणाली. "दगड पाहून ठेवला हाये मी, नाल्यापाशी."