मापट्यावरची शीग

पितळी मापट्यात तांदूळ ओतताना प्रथम टणत्कार होतो. मग दाण्यावर दाणा पडू लागला की नाद मंद, भरीव होत जातो, आणि काठाच्याही वर निमुळती शीग चढू लागली की केवळ सळसळ उरते. चामराजपेटच्या आमच्या स्वयंपाकघरात माझी प्रत्येक सकाळ या नादाने उजाडे. आई पहिल्या मापाला 'एक' कधीच म्हणत नसे. 'लाभ' म्हणे, आणि मग दोन, तीन.

पुढे शेर-मापटी मागे पडली, दुकानांत किलो आले. मी शाळेत गणित शिकवीत होते. दशमानाचे मला केवढे कौतुक! आईची सारी मापे ग्रॅममध्ये उतरवून ठेवण्याचा मी चंगच बांधला. शेजारच्या दुकानातून तराजू मागून आणला, मापट्यात तांदूळ भरले, फूटपट्टीने काठाशी सपाट केले आणि वजन वहीत लिहिले. त्याच मापट्यात गूळ जड, रवा हलका, पोहे तर नावालाच. एकाच पात्रात मावणाऱ्या वस्तूंचा भार इतका भिन्न असतो, याचा विस्मय वाटला. आई पदराला हात पुसत म्हणाली, "सरी, बरं, लिही. पण स्वल्प मला विचारून लिही गं." मी विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही असेल, असे मला वाटलेच नाही.

माझी थोरली बहीण अक्का लग्न होऊन येलहंक्याला गेली, आणि त्याच वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तशात अधिक महिना लागला. लग्नानंतरचा पहिला अधिक. जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे होते. आईचे हात थांबले तरी तिच्या हातची चव या घरातून गेलेली नाही, हे मला तिच्या डोळ्यांदेखत सिद्ध करायचे होते. वहीबरहुकूम तांदूळ भिजवले, कुटले, गूळ मिसळला, पीठ मुरवले. तुपात सोडलेला पहिला अनारसा हसला. दुसराही. जाळी पडायच्या ऐवजी सारे विरघळून कढईभर पसरले. कढई उतरवून मी आईच्या खाटेशी बसले आणि रडले. गणिताच्या बाईंचे गणित चुकले होते, आणि जिला विचारायचे तिला आता बोलता येत नव्हते.

आईने डाव्या हाताने मापट्याकडे बोट दाखवले. मी तांदूळ भरून, सवयीने सपाट करून तिच्यापुढे धरले. तिने मान हलवली. मग परातीतले तांदूळ मुठीमुठीने घेऊन ती वर घालू लागली. दाणे घरंगळत होते, ती पुन्हा घालत होती, शीग उभी राहीपर्यंत. नंतर गुळाने भरलेले मापटे मागून घेतले आणि त्यावरून तळहात सपाट फिरवला. धान्याला शीग, गुळाला नाही! जन्मभर डोळ्यांसमोर होते, तेच मी फूटपट्टीने पुसून टाकले होते. मला स्वतःची लाज वाटली.

तांदळाच्या त्या मापट्याकडे पाहताना आईचे ओठ हलले. शब्द फुटला नाही. मीच म्हणाले, "लाभ." तिने डोळे मिटून मान डोलावली.

दुसऱ्या खेपेचे अनारसे महिना सरण्याआधी येलहंक्याला पोचले. पुढचा अधिक आईने पाहिला नाही.

वहीत आता शिगेसकट वजन आहे, अगदी अचूक. तरीही तांदूळ तराजूत घालण्याआधी मी ते मापट्यात ओतते, सळसळ थांबेपर्यंत ऐकत राहते, आणि पहिले माप मोठ्याने मोजते. त्या दिवसापासून 'लाभ' म्हणण्याचे काम माझ्याकडे आले आहे.