कपाटातली ट्यूब

परळच्या आमच्या चाळीतला एक शेजारी कपाटात गांजाची रोपं वाढवायचा. "बल्बनं पानं करपतात हो. ट्यूब थंड असते, पण उजेडात खंड पडता कामा नये," असं तो तोंडावर हात धरून सांगे.

त्याच्या आईच्या खाणावळीत जेवणारा एक गिरणी कामगार संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेला. त्या संध्याकाळी चाळीने दिवे मालवले आणि सगळे गॅलरीत उभे राहिले. शेजाऱ्याच्या दाराखालून तेवढा पांढरा उजेड येत होता.

"अरे, आज तरी बंद कर!" कुणीतरी ओरडलं.

"आई आजारी आहे. काळोखात घाबरते," तो आतून म्हणाला.

त्याची आई माझ्या शेजारीच उभी होती. तिने डोळे पुसले, आत गेली आणि अंथरुणावर आडवी झाली.