यंत्राचे पाय

कुंभार पिंपळगावच्या रामरावांकडं कडूबानं पंधरा वर्षं ट्रॅक्टर चालवला. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं त्याला कळायचं. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून तो घनसावंगीच्या बाजारातून निघाला, तर कडेला भाजी मांडून बसलेल्या बायका जागच्या हलतसुद्धा नसत. कडूबा आहे म्हटल्यावर चाक कुठून जाणार, हे त्यांना ठाऊक असे.

सत्त्याण्णव साली पाण्यावाचून मोसंबीच्या बागा वाळल्या. झाडं सरपणाला गेली, पण बुडखे जमिनीतच राहिले. नांगराचा फाळ त्यांच्यात अडकून वाकायचा. कुदळीनं एक बुडखा उपटायचा म्हणजे दोन माणसांचा दिवस मोडायचा. गावात नजीरचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यानं डोकं लढवलं. जाड पोलादी चकतीला कडेनं कठीण दात बसवले, ती सांगाड्यात घालून ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला टांगली. इंजिनाच्या जोरावर चकती फिरायची आणि बुडखा खोबऱ्यासारखा किसत वीतभर जमिनीखाली न्यायची. लोकांनी तिचं नाव ‘किसणी’ ठेवलं.

पहिल्या दिवशी धर्मराज नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात, नाल्याच्या काठी, ती लावून पाहिली. ट्रॅक्टर रामरावांचा होता, पण आपलं यंत्र आपणच चालवावं म्हणून नजीर सीटवर बसला. कडूबा खाली उभा होता. चकती किती खोल गेली ते बघ, असं नजीरनं त्याला सांगितलं. तो जवळ जाऊन वाकला, तोच चकतीचा दात जाड मुळात रुतला. सांगाडा उसळला, उतारावरचा ट्रॅक्टर मागं ओढला गेला आणि लोखंडाचा कोपरा कडूबाच्या डाव्या नडगीवर बसला. हाड दोन जागी मोडलं.

जालन्याच्या दवाखान्यात तो दीड महिना पडून होता. पायात सळई बसली. नजीर दर आठवड्याला यायचा, तोही बाजाराच्या दिवशी, ऐन धंद्याच्या वेळी दुकान बंद ठेवून. हसीनानं, त्याच्या बायकोनं, दिलेला खिचडीचा डबा ठेवायचा आणि खाली मान घालून बसायचा. कडूबाची बायको उषाबाई त्याच्याशी बोलत नसे. डबा रिकामा करून, धुऊन, ती त्याच्यापुढं ठेवायची, एवढंच. एकदा कडूबानं तिला समजवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, तुमचा राग गेला असंल, माझा अजून जायचाय.

पाय जुळला, पण दोन बोटं आखूड झाला. पेरणी तोंडावर आली तशी रामरावांनी दुसरा माणूस ठेवला. कडूबानं त्यांना बोल लावला नाही. तो गावातल्या चांभाराकडून डाव्या चपलेचा तळवा उंच करून घेऊन काठीनं हिंडू लागला. नजीरनं किसणी दुकानामागं टाकून वर पत्रा झाकलाय आणि कुणी विचारलं तर तो विषय बदलतो, हे त्याच्या कानावर आलं. एक दिवस तो तिथं जाऊन उभा राहिला.

“नजीरभाई, पत्रा काढा.”

“भंगारवाला येनार हाय रविवारी.”

“त्याच्या आधी मला बघू द्या. तुम्हाला वरून दिसलं न्हाई ते मला खालून दिसलं.”

“मला काय बी बघायचं न्हाई, कडूभाऊ. रोज झोपंत तेच बघून राह्यलो.”

कडूबा खोक्यावर बसला. शांतपणे म्हणाला, “मशिनीला पाय नव्हते, म्हणून माझा गेला. मंग तिला पाय लावू की.”

नजीरनं पत्रा उचलला.

पावसाळाभर दोघं त्यावर खपले. सांगाड्याच्या दोन्ही अंगांना पाईपात पाईप घालून खालीवर होणारे पाय केले. काळ्या मातीत ते रुतू नयेत म्हणून तळाला परातीएवढे पत्रे आणि त्याखाली सागाच्या फळ्या. ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होऊ नये म्हणून समोर वाळूची पोती. चारी चाकांना मागंपुढं दगड. सगळं टेकल्यावर दोघांनी सांगाड्याला खांदा लावून हलवून बघायचं. हलला तर पुन्हा पहिल्यापासून. चकती बुडख्याच्या कडेनं बोटबोट सरकवायची, मधोमध घालायची नाही. आणि ती फिरत असताना वीस पावलांच्या आत कुणीही यायचं नाही, नजीरनंसुद्धा.

नजीरनं एक जुना ट्रॅक्टर दुरुस्त करून स्वतःसाठी उभा केला होता. तो चालवणार कोण, हे कुणी बोललं नव्हतं. पहिलं काम सगुणाबाईंचं निघालं. या विधवा बाईनं खांद्यावर पाण्याच्या घागरी वाहून शंभर मोसंब्या जगवल्या होत्या, शेवटी त्याही वाळल्या, आणि आता पुढच्या पावसाळ्यात तिथं तिला कापूस लावायचा होता. सकाळी रानात पोचल्यावर नजीरनं हातानंच सीटकडं खूण केली.

कडूबाला अनवाणी पायानंच गाडी चालवायची सवय. त्यानं चपला काढल्या, वर चढला, आणि मनात धाकधूक घेऊन डावा पाय क्लचकडं नेला. पाय पोचला. बराबर पोचला. त्यानं वाकून पाहिलं. क्लचच्या पट्टीवर लोखंडाचा ठोकळा जोडलेला होता आणि पाय घसरू नये म्हणून वर टायरचं रबर.

“माप कधी घेतलं?” त्यानं विचारलं.

“तुम्ही दुकानात चपला काढून बसायचे. दोन्हीचा फरक मोजला,” नजीर म्हणाला आणि दगड लावायला चाकाकडं वळला.

कडूबानं त्या रबरावर पाय दोनदा दाबून पाहिला. मग त्यानं इंजिन सुरू केलं. यंत्राचे पाय टेकवले, सांगाडा हलवून झाला, नजीर वीस पावलं मागं गेला. चकती पहिल्या बुडख्याच्या कडेला लागली आणि पिवळसर भुसा उडू लागला. ट्रॅक्टर थरथरला, पण जागचा हलला नाही. सगुणाबाई बांधावर बसून होती. बुडखा मातीत दिसेनासा झाला तेव्हा ती त्या जागी आली, ओंजळभर भुसा उचलून पदरात बांधला आणि पुढचा बुडखा दाखवला.

दुपारी उषाबाई भाकरी घेऊन आली. कडूबाला सीटवर बघून ती बांधावरच थबकली. मग बाभळीखाली फडकं सोडलं. नजीर अंतर राखून बसला होता. तिनं दोन भाकऱ्यांवर ठेचा घातला, त्याच्याकडं गेली आणि त्याच्या हातात दिल्या.

“नजीरभाई, जेवा,” ती म्हणाली. “ठेचा तिखट हाय, पाणी घेऊन बसा.”

नजीरनं पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ठेचा खरंच तिखट होता, असं तो नंतर सांगायचा.

पुढं आठ-नऊ वर्षं, खोदाईची मोठी यंत्रं गावोगाव येईपर्यंत, त्या दोघांनी तालुकाभर बुडखे किसले. एवढ्या काळात त्या यंत्रानं कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही.