बाबांच्या फोनने वाचलेला रेझ्युमे

मुलगी शाळेत जायला लागली आणि सूनबाईंनी पाच वर्षांनी पुन्हा नोकरी शोधायला घेतली. काम सॉफ्टवेअरचं, आणि हात असा बसलेला की भल्याभल्यांना न सापडलेली चूक तिला चहा निवायच्या आत सापडायची. रेझ्युमेही तिने झोकात केला. दोन रकाने, कोपऱ्यात हसरा फोटो, प्रत्येक कौशल्यापुढे चांदण्या. तिची लग्नपत्रिकासुद्धा इतकी देखणी नव्हती.

पण अर्ज पाठवला रे पाठवला की नकार हजर. एवढ्याशा वेळात वाचलं तरी कुणी?

"वहिनी, माणूस वाचतच नाही गं," दिराने अक्कल शिकवली. "आधी मशीन चाळतं. त्याला जाहिरातीतले शब्द हवेत. थांब, मी बघतो." आणि या पठ्ठ्याने अख्खी जाहिरात रेझ्युमेच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत चिकटवली. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कुणाला?

तिला पटलं नव्हतं, पण नकार खाऊन खाऊन माणूस मऊ पडतो. त्यातून ही जागा गोदामांतल्या मालाचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे तिच्याच हातची. ही गेली तर आता आपल्याला कुणी विचारणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. पाठवण्याआधी तिने फाइल सासऱ्यांना दिली. बाबांची नजर अधू. त्यांना सगळं त्यांचा फोन मोठ्याने वाचून दाखवतो.

फोन सुरू झाला आणि दोन्ही रकाने एकमेकांत घुसले. "जावा, चांदणी, चांदणी, गोदामातील, वाचनाची आवड, चांदणी, पदवी." शेवटी तर तो ठणकावू लागला, "उमेदवाराला दांडगा अनुभव असावा. रात्रपाळीची तयारी असावी."

"अगं, हा शेवटी कोण बोलतोय?" बाबा म्हणाले. "आणि तू नक्की काय करायचीस? माझ्या तर सगळं डोक्यावरून गेलं."

दिराला अचानक बाहेर काम आठवलं. सूनबाई आधी शरमली, मग तिची ट्यूब पेटली. त्या मशीनपर्यंतही हेच कडबोळं पोचत असणार! दिसण्यावर एवढा जीव ओतला, आणि मशीनला त्याचं काय?

ती तिथेच लॅपटॉप मांडून बसली. फोटो गेला, चांदण्या गेल्या, रकाने मोडून साध्या ओळी एकाखाली एक आल्या. चोरटी जाहिरात समूळ खोडली. जाहिरातीतले शब्द घेतले, पण खरोखर केलेल्या कामापुरतेच. कंपनीवाले 'इन्व्हेंटरी' मागत होते आणि ही 'साठा-नोंद' लिहून बसली होती. मधली पाच वर्षंही लपवली नाहीत.

फोनने पुन्हा वाचलं. आता बाबांना सगळं कळत होतं. "टीमला हातभार लावला," या ओळीशी त्यांनी फोन थांबवला.

"हातभार म्हणजे काय? पाणी आणून द्यायचीस?"

"नाही हो बाबा. गोदामातली एकच वस्तू दोन गिऱ्हाइकांना विकली जायची. ते मी बंद केलं."

"एकटीने?"

ती जरा घुटमळली. "हो. एकटीने."

"मग तसं लिही की! लाजतेस कशाला?"

तिने लिहिलं, आणि लिहिता लिहिता तिला स्वतःचा अभिमान वाटला. कितीतरी दिवसांनी.

या खेपेला नकार आला नाही, बोलावणं आलं. मुलाखत घ्यायला तिघं होते; त्यांतल्या मुख्य बाईंनी नेमकी तीच ओळ काढली. "हे कसं जमवलंत?" सूनबाई उठली, फळ्यावर चौकोन काढत बोलू लागली, आणि बघता बघता समोरचे तिघंही खुर्च्या पुढे ओढून बसले.

"आणि मधली पाच वर्षं?" त्यातल्या एकाने विचारलं.

"मुलगी वाढवली. ते मात्र एकटीने नाही हं, त्याला अख्खं घर लागलं."

बाईंनी कागद मिटले. "कधीपासून याल?"

"आत्ता बसू का?" ती बोलून गेली.

बाई खळखळून हसल्या. "सोमवारी या," त्या म्हणाल्या.